योगाभ्यासातील प्रगतीचा हिशेब

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत पहाटे उठणाऱ्या माणसांचा तुटवडा पूर्वीही नव्हता. आजोबा गणपतीचे दर्शन घेऊन मगच दुकानाचे कुलूप काढणारे व्यापारी, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फेरी मारून येणारे निवृत्त शिक्षक व कारकून, तालमीत जोर-बैठका काढणारी तरुण मुले ही या पेठेच्या पहाटेची जुनी हक्कदार मंडळी. त्यांत गेल्या काही वर्षांत योगवर्गाला जाणाऱ्यांची भर पडली असून, काखेत चटईची गुंडाळी घेतलेले स्त्री-पुरुष आता दिवस उजाडण्याच्या सुमारास गल्लीगल्लीतून दिसू लागले आहेत. ही भर स्वागतार्ह आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. किंतु आहे तो वर्ग सुटल्यावर चहाच्या दुकानापाशी जे संभाषण कानी पडते त्याविषयी. "तुमचं शीर्षासन भिंतीपासून सुटलं का?", "चक्रासनाचं कुठवर आलंय?", "आमच्याकडं तर मयूरासन चालू झालं बघा," अशा चौकश्या तेथे चालतात, आणि ज्याला नकारार्थी उत्तर द्यावे लागते तो बिचारा, पन्नाशी उलटलेला, चार माणसांत मान असलेला गृहस्थ असला तरी, त्या घटकेपुरता ओशाळतो. ज्याच्या पदरी आसने अधिक त्याची प्रगती अधिक, असा हा जमाखर्च आहे. तो मुळातच चुकीच्या खात्यावर मांडला गेला आहे, असे माझे मत आहे.

जुन्या ग्रंथकारांचा दाखला पाहावा तर आसनांच्या संख्येविषयी ते बरेच बेफिकीर आढळतात. पतंजलीने आसनाला उणीपुरी ३ सूत्रे दिली, आणि त्यांतही एकाही आसनाचे नाव न घेता, ते स्थिर व सुखावह असावे, प्रयत्नाची ओढाताण सैल सोडल्याने आणि चित्त अनंताशी मिळवल्याने ते साधते, इतके सांगून तो प्राणायामाकडे वळला. हठप्रदीपिकेत १५ आसनांचे वर्णन आहे आणि घेरंडसंहितेत ३२ आसनांचे. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास गीतेच्या सहाव्या अध्यायावर भाष्य करताना योगाभ्यासाचे जे विस्तृत विवरण मराठीत आणले, त्यातला साधक तर एका जागी, एकाच आसनात बसलेला आहे. परंतु टाच कोठे टेकावी, मूळबंध कसा पडावा, हनुवटी कंठाशी कशी यावी, पोट पाठीकडे कसे ओढले जावे, याचे वर्णन त्यांनी इतक्या बारकाईने केले आहे की, पाहणाऱ्याला जो मनुष्य पाषाणवत् निश्चल दिसतो त्याच्या अंतर्यामी केवढी हालचाल चालली आहे याची वाचकाला प्रचीती यावी. मात्र यावरून, आज आपण करतो ती उभी, आडवी, वाकण्या-वळण्याची आसने अप्रमाण होत असा निष्कर्ष एखादा सोवळा पंडित काढू लागला तर त्यालाही माझी साथ नाही. सर्व शरीराला हलवून, वळवून, उलथेपालथे करून शिकविणारी जी पद्धती गेल्या शतकात रूढ झाली, तिच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा समजून घेतल्यावाचून प्रगतीचा विचार करता येणार नाही.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांच्या संस्थानातील आटपाडी महाल सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असल्यामुळे औंधकरांचे नाव आमच्याकडे परके नाही. तरुणपणी या राजाला विलायतेतील युजीन सँडो या मल्लाच्या व्यायामपद्धतीचे वेड लागले; त्याची पुस्तके व साधने मागवून दहा वर्षे त्याने ती मनोभावे चालविली, आणि नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून तो घरच्या सूर्यनमस्काराकडे वळला तो कायमचा. नमस्कार समर्थांच्या परंपरेत होताच. भवानरावांनी त्याला शिस्त लावली, मंत्रोच्चाराशी त्याची सांगड घातली, त्यावर मराठीत व पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि संस्थानच्या शाळांतून तो सक्तीचा केला. १९३८ साली लुईज मॉर्गन या बाईंनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले, आणि औंधसारख्या लहानशा संस्थानच्या शाळेतील कवायत साहेबाच्या दिवाणखान्यात जाऊन पोहोचली. पुढे त्यांचे चिरंजीव, परराष्ट्रसेवेत नावारूपाला आलेले अप्पा पंत, यांनीही याच विषयावर ग्रंथ लिहिला.

राजेसाहेबांच्या या उद्योगात आरोग्याचा व बलसंवर्धनाचा हेतू प्रधान होता हे खरे. परंतु नमस्काराच्या रचनेतच शिकण्याची एक युक्ती दडलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. नमस्कारात नवे काही येत नाही. तेच वाकणे, तोच पाय मागे टाकणे, तीच छाती उचलणे, आणि पुन्हा जेथून निघालो तेथेच येऊन उभे राहणे! नवीनतेचा असा बंदोबस्त केल्यामुळेच दोन आवर्तनांतील फरक जाणवू लागतो. उजवा पाय मागे टाकताना जी सहजता असते ती डावा टाकताना नाही, सहावे आवर्तन पहिल्यापेक्षा हलके गेले, आज श्वास छाती उचलण्याच्या आधीच संपला, या गोष्टी तीच ती क्रिया करणाऱ्यालाच कळतात. रोज नवे आसन मागणाऱ्याला तुलना करण्यासाठी कालचे काही शिल्लकच राहत नाही. म्हणूनच रथसप्तमीला घड्याळ लावून नमस्कारांच्या ज्या शर्यती अलीकडे भरविल्या जातात त्या मला रुचत नाहीत. ज्या क्रियेचे सारे मोल तिच्या पुनरावृत्तीत आणि त्या पुनरावृत्तीकडे पाहण्यात आहे, तिला वेगाच्या स्वाधीन केले की पाहणारा उरत नाही आणि नुसती दमछाक पदरात पडते.

पाहण्याचे हे काम एका माणसाने प्रयोगशाळेत नेले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले व्यायामपटू आणि मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. आखाडा आणि गुरुगृह या दोन्ही घरांचे संस्कार घेतलेल्या या गृहस्थांनी, उड्डियान व नौली करीत असताना उदरात नेमके काय घडते याची क्ष-किरणांनी तपासणी बडोद्याच्या रुग्णालयात केली, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून असल्या प्रयोगांचे तपशील छापावयास आरंभ केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो आणि त्यामुळेच बस्तीत पाणी आपोआप वर चढते, असे त्यांना आढळले. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. गुरूने सांगितलेली क्रिया यंत्रावर तपासून पाहावी आणि जे आढळेल त्याला गुरूचेच नाव द्यावे, यात श्रद्धा आणि चिकित्सा यांचा जो मेळ आहे तो आपल्याकडे विरळा. घरी चटई टाकून बसणाऱ्या साधकापाशी क्ष-किरण नसतात. पण सांगितलेली गोष्ट स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहावी, ही वृत्ती त्याला ठेवता येते, आणि माझ्या मते व्यक्तिगत अभ्यासाचा आरंभ तेथेच होतो.

पुण्याच्या अय्यंगारांचे चरित्र तर या विषयाच्या गाभ्याशी येऊन भिडते. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांचे बालपण विषमज्वर, क्षय यांसारख्या व्याधींनी पोखरलेले, म्हैसूरचे टी. कृष्णमाचार्य हे त्यांचे मेहुणे आणि गुरू. त्यांच्या आज्ञेने १९३७ साली वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी हा मुलगा पुण्याला योग शिकवावयास आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हते, गुरूकडचे शिक्षण तुटपुंजे होते, आणि समोर उभे राहणारे विद्यार्थी त्याच्याहून धट्टेकट्टे होते. विचारावयाचे कोणाला? गुरू दूर, ग्रंथ मुके. अशा पेचात सापडलेल्या या मुलाने आपल्या शरीरालाच प्रश्न विचारावयास सुरुवात केली. पाऊल अंमळ आत वळविले तर कंबरेत काय होते, गुडघ्याची वाटी उचलली तर छातीला मोकळीक मिळते की नाही, हे करून, चुकून, पुन्हा करून पाहिल्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हते. आणि या सक्तीच्या एकांतवासातूनच पुढे जगभर पसरलेली त्यांची पद्धती जन्माला आली. पट्टे, विटा, खुर्च्या, भिंतीला टांगलेले दोर ही जी साधने त्यांच्या वर्गात दिसतात ती पंगूंच्या कुबड्या असल्याचा समज काही धडधाकट मंडळी करून घेतात. वास्तविक ज्याचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही त्याच्या हाताखाली वीट ठेवली म्हणजे पोहोचण्याची धडपड संपते, आणि धडपड संपली की पाठीच्या कण्यात काय चालले आहे तिकडे त्याचे ध्यान जाऊ शकते. वीट अवधान मोकळे करते.

याच अय्यंगारांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने, ज्याचे मराठी रूप 'योगदीपिका' म्हणून आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे, प्रगतीच्या चुकीच्या कल्पनेला नकळत खतपाणीही घातले, असे म्हणावे लागते. सुमारे ६०० छायाचित्रे असलेल्या या ग्रंथात २०० आसने आहेत, प्रत्येक आसनापुढे त्याची काठिण्यपातळी दाखविणारा आकडा आहे, आणि शेवटी ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम आखून दिला आहे. आकडा दिसला की तो ओलांडण्याची मनुष्याला खुमखुमी येते. ग्रंथकर्त्याने ३०० आठवडे, म्हणजे जवळजवळ ६ वर्षे, सांगितली आहेत ती कशासाठी, याचा विचार करावयाला मग कोण थांबतो! खुद्द त्यांच्या आयुष्यात १९७९ साली स्कूटरचे अपघात झाले, खांद्याला, कण्याला, गुडघ्यांना मार बसला, आणि जी आसने त्यांनी हजारो लोकांसमोर लीलया करून दाखविली होती ती साठीच्या उंबरठ्यावर त्यांना पुन्हा प्राथमिक धड्यांपासून शिकावी लागली. आसनसंख्येच्या हिशेबाने पाहिले तर त्या दिवसांत त्यांची प्रगती शून्यावर आली होती, असेच म्हणणे प्राप्त होईल. आणि तसे म्हणावयास जीभ रेटत नाही, यावरूनच तो हिशेब खोटा ठरतो. विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत त्यांना भेटला आणि पुढे त्याने त्यांना जे घड्याळ भेट दिले त्यावर, व्हायोलिनचे आपले सर्वोत्तम गुरू, या आशयाचे शब्द कोरविले. अय्यंगारांनी त्याला व्हायोलिन शिकविले नव्हते. खांदा, मान आणि श्वास यांतला अनावश्यक ताण ओळखावयास व सोडावयास शिकविले होते, आणि तेवढ्याने गज हलका झाला.

अनावश्यक ताण सोडल्याने शिकणे का सुधारते, याचे उत्तर योगाच्या ग्रंथांबाहेरही मिळते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे दाखवून दिले की, दोन भारांतील फरक जाणवावयाचा तर तो मूळ भाराच्या विशिष्ट प्रमाणात असावा लागतो. हातातल्या पसाभर ज्वारीत मूठभर ज्वारी पडली तर तात्काळ कळते, पाठीवर पोते असताना तीच मूठ पोत्यात टाकली तर हमालाला तिचा पत्ताही लागत नाही. दात-ओठ खाऊन आसन खेचणाऱ्याची स्थिती त्या हमालासारखी असते. त्याच्या स्नायूंत एवढा कोलाहल माजलेला असतो की, उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढला आहे, जबडा आवळला गेला आहे, श्वास कोंडला आहे, यांपैकी कसलीही वर्दी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि जे कळत नाही ते सुधारावयाचे कसे? पतंजलीने प्रयत्नाच्या शैथिल्याचा जो दंडक घालून दिला त्याचा एक अर्थ या नियमाच्या उजेडात मला अधिक स्पष्ट दिसतो. स्नायू, कंडरा व सांधे यांतून शरीराच्या स्थितीचे वर्तमान मेंदूकडे सतत जात असते, हे चार्ल्स शेरिंग्टनने १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. लहान मेंदू त्या वर्तमानाची केलेल्या अपेक्षेशी तुलना करून पुढची हालचाल किंचित दुरुस्त करीत असतो, आणि अशा असंख्य दुरुस्त्यांचा संचय झोपेतही घट्ट होत राहतो. हालचालीतून शिकणे म्हणतात ते हेच. त्यात पाठांतराला फारशी जागा नाही, आणि उतावळेपणाला तर मुळीच नाही.

मोशे फेल्डनक्रायस (१९०४–१९८४) या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने व ज्युदोपटूने स्वतःचा दुखावलेला गुडघा सावरण्यासाठी याच तत्त्वावर आपली शिक्षणपद्धती उभारली. जमिनीवर पडून, अत्यंत सावकाश, थोडीशीच हालचाल करावयाची, ती निरनिराळ्या तऱ्हांनी करून पाहावयाची आणि मध्ये विसावा घेऊन काय बदलले ते न्याहाळावयाचे, असा त्याचा शिरस्ता होता. पाठदुखीने जेरीस आलेले इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना त्याने सत्तरीच्या घरात शीर्षासन करावयास शिकविले, आणि समुद्रकिनाऱ्यावर उलटे उभ्या असलेल्या त्या वृद्ध मुत्सद्द्याचे छायाचित्र १९५७ साली जगभर गाजले. लोकांना शीर्षासन दिसले. त्यामागचे महिनोन्‌महिन्यांचे बारीकसारीक, दिसावयास क्षुल्लक असे हलणे-वळणे छायाचित्रात येत नाही.

सोलापूरकराला मात्र एवढ्या लांबची उदाहरणे ऐकविण्याची वास्तविक गरज नाही. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि सात नंदीध्वज शहरातून ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला भक्त ती उत्तुंग काठी अंगावर तोलून चालत असतो आणि हजारो लोक श्वास रोखून पाहत असतात. यात्रेच्या आधी काही आठवडे त्याचा जो सराव चालतो तो ज्याने निरखून पाहिला असेल त्याला या लेखातील अर्ध्या गोष्टी आधीच ठाऊक आहेत. नवखा मुलगा काठी हाताच्या जोरावर आवळून धरतो. तो जितका आवळतो तितकी ती डोलते, आणि तिच्या मागे धावताना त्याची पावले चुकतात. जाणता मनुष्य हात सैल ठेवतो, नजर वर लावतो, आणि काठी कलण्याच्या बेतात आहे तोवरच पाऊलभर सरकून तिच्या खाली जातो. उंच काठी बुटक्या काठीपेक्षा सावकाश कलते, हा सृष्टिनियम त्याने पुस्तकात वाचलेला नसतो, तो त्याच्या तळपायाला माहीत असतो. हे ज्ञान कोणी कोणाला शब्दांनी देऊ शकत नाही. वडीलधारा फार तर "सोड रे जरा, आवळू नको," एवढे बजावतो; बाकीचे काठीच शिकविते. आणि या परंपरेत, तू आजवर किती तऱ्हेच्या काठ्या पेलल्यास असा प्रश्न कोणी विचारीत नाही. एकच काठी, वर्षानुवर्षे, अधिकाधिक निवांतपणे पेलता येणे हीच तेथे मोठेपणाची सनद आहे.

याच शहराच्या पूर्व भागात शरीराच्या शिकण्याची दुसरी, काहीशी उदास बाजू पाहावयास मिळते. सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून, दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास विड्या वळणाऱ्या बाईची बोटे विलक्षण शिकलेली असतात. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे ही तिची हालचाल पाहताना डोळा ठरत नाही. पण बोटांनी जे कमावले त्याची किंमत मान आणि खांदे मोजत असतात, आणि वर्षे लोटली की त्या शरीराला ती एकच बैठक येते, दुसरी येईनाशी होते. यंत्रमागाशी उभा राहणारा कामगार, गादीवर एका कुशीवर रेलून बसणारा सराफ, संगणकापुढे पाठीचे धनुष्य करून बसलेला आमच्या पेठेतला तरुण हिशेबनीस, यांची गत वेगळी नाही. शरीर शिकत नाही असा एकही दिवस जात नाही. आपण न पाहता ते जे शिकते त्यालाच पुढे आपण खोड, पोक किंवा वय अशी नावे देतो. म्हणून, विडीकामगार बाईने महिनाभराच्या अभ्यासानंतर मान न आवळता, श्वास न कोंडता दोन्ही हात डोक्यावर नेले, तर तिची ती प्रगती कोणा लवचीक कॉलेजकुमाराच्या मयूरासनाहून मी निःसंशय मोठी मानीन. त्याच्या शरीराने आधीपासून जे येत होते तेच केले. तिच्या शरीरापुढे, जेथे एकच वाट होती तेथे, दुसरी वाट उघडली.

मग प्रगती ओळखावी कशी, असे कोणी विचारील. तेच आसन पूर्वीपेक्षा कमी श्रमात होऊ लागले, आसनातून बाहेर येणेही आत जाण्याइतकेच सावध झाले (बहुतेकांचे आसन सुटत नाही, कोसळते), दोन बाजूंतला फरक कोणी न दाखविता ध्यानात येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे आज थांबावे हे शरीराने वेळेवर सांगितले व आपण ते ऐकले, तर गाडी रुळावर आहे असे खुशाल समजावे. यांपैकी एकाही गोष्टीचा फोटो निघत नाही, ही त्यांची अडचणही आहे आणि पुण्याईही. यावरून गुरूची आवश्यकता नाही असा अर्थ मात्र घेऊ नये. शीर्षासनासारखे आसन रक्तदाब वाढलेल्यांनी किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी करू नये, हे सांगणारा जाणता मनुष्य हवाच, आणि मोबाइलवरच्या चित्रफितीला समोरच्याच्या डोळ्याचे व मानेचे दुखणे दिसत नाही. परंतु आठवड्यातून दोन दिवस वर्गात शिकलेले घरच्या चटईवर एकट्याने, कोणी आकडे मोजत नसताना, घोळवून पाहिले नाही, तर ते शिकणे दुसऱ्याच्या हुकमावर चाललेली कवायत होऊन बसते. पतंजलीने अभ्यासाला दीर्घ काळ, अखंडता आणि आदर या तीन अटी घातल्या आहेत. पहिल्या दोन आपण निदान तोंडाने तरी मान्य करतो. आदराची अट आपल्या शरीरालाही लागू आहे, याचा विसर पडतो.

सरकारदरबारी तर मोजदादीवाचून गोष्ट पुढेच सरकत नाही. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने १७७ देशांच्या पाठिंब्याने २१ जून हा योगदिन ठरविला, आणि पुढच्या वर्षी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र आसने केल्याची नोंद गिनीजच्या दप्तरी झाली. या उत्सवाने योगाला घरोघर पोहोचविले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण ज्या विद्येत स्वतःच्या गतीने जाणे हेच सर्वस्व, ती ध्वनिक्षेपकावरच्या आकड्यांच्या तालावर हजारो शरीरांना एकाच वेळी वाकविते तेव्हा तिचे मेळाव्यात रूपांतर होते. आणि २२ जूनला त्यांपैकी किती चटया उलगडल्या, याचे परिपत्रक कोणी मागवीत नाही.

त्या चटया रोज उलगडावयाच्या तर जागा हवी, आणि आमच्या गावात त्यासाठी नवे काही बांधण्याची गरज नाही. या शहराला तालमींची मोठी परंपरा आहे. त्यांतल्या पुष्कळशा आज उत्सवाच्या दिवसांत गजबजतात आणि एरवी दिवसाचा बराचसा वेळ रिकाम्या असतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हातभर मोकळी जमीन ज्यांना मिळत नाही अशी शेकडो कुटुंबे त्यांच्या शेजारीच राहतात, आणि त्यांतल्या बायकांना तर पहाटेचा एकांत ही चीजच माहीत नाही. शुक्रवार पेठेतील आणि शेजारपाजारच्या पेठांतील तालमींच्या पंचांना माझी विनंती अशी की, रोज पहाटे एक तास पुरुषांसाठी आणि एक तास स्त्रियांसाठी तालमीचे दार नुसते उघडे ठेवावे. फी नको, ध्वनिक्षेपक नको, पुढे उभा राहून आकडे म्हणणारा नको, आठवड्यातून एकदा चुका दाखविणारा एखादा जाणता शिक्षक आणि भिंतीशी रचलेल्या चार विटा पुरेत. महानगरपालिकेने दिवाबत्ती व झाडलोट यांची तजवीज करावी. येत्या दसऱ्यापासून एका तालमीने तरी हे करून पाहावे.